मूत्रपिंडाचं पथ्य आणि ज्वारीची भाकरी

क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड थकलं की रक्तात साठणारा टाकाऊ घटक, वाढल्याचा रिपोर्ट आला की घरात आधी डाळ-दुधावरून चर्चा होते आणि मग गाडी भाकरीवर येते. परदेशी आहारतक्त्यांमध्ये वर्षानुवर्षं एकच सल्ला होता: पांढरा ब्रेड खा, कोंड्यासकटचं धान्य टाळा. जन्मभर ज्वारीची भाकरी खाल्लेल्या माणसाला हा सल्ला जाचक वाटतो, आणि तो सरसकट पाळायचं कारणही आता उरलेलं नाही.

सल्ल्यामागचं गणित सरळ होतं. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण २७५ मिलिग्रॅम फॉस्फरस असतो, कणकेत ३०० च्या वर, पॉलिश केलेल्या तांदळात जेमतेम १००. थकलेल्या मूत्रपिंडाला जादा फॉस्फरस बाहेर टाकता येत नाही. तो रक्तात साठतो, अंगाला खाज सुटते, हाडांतलं कॅल्शियम ओढलं जातं, रक्तवाहिन्या कडक होतात.

पण धान्यात आहे तेवढा फॉस्फरस रक्तात जातो कुठे? त्यातला बराचसा फायटेट नावाच्या संयुगात अडकलेला असतो, आणि ते फोडणारं फायटेज हे विकर आपल्या आतड्यात नसल्यासारखंच. त्यामुळे निम्म्याहून कमी फॉस्फरस शोषला जातो. एरवी हे फायटेट बदनाम आहे. डॉ. आनंद प्रसाद यांनी १९६१ मध्ये इराणमधल्या खुंटलेल्या वाढीच्या तरुणांबद्दल लिहिलं, त्यातूनच पुढे माणसातली झिंकची कमतरता उजेडात आली. त्यांचा मुख्य आहार होता न आंबवलेली गव्हाची रोटी, आणि तिच्यातलं फायटेट झिंक अडवत होतं. तेच फायटेट मूत्रपिंडाच्या रुग्णासाठी फॉस्फरस अडवून धरतं.

आंबवलेलं, मोड आणलेलं धान्य अधिक पौष्टिक, हे नेहमीचं शहाणपण म्हणून इथे उलटं होतं. आंबील, मोड आणून केलेलं नाचणीचं सत्त्व, यीस्टनं फुगवलेला गव्हाचा ब्रेड: आंबताना किंवा मोड येताना फायटेट फुटतं आणि फॉस्फरस मोकळा होतो. भाकरीचं पीठ मात्र गरम पाण्यात मळलं की लगेच थापलं जातं. फायटेट फुटायला वेळच मिळत नाही. मूत्रपिंडाच्या रुग्णांच्या आहाराबद्दलच्या अमेरिकेतल्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनीही फॉस्फरस किती आहे एवढंच न पाहता तो कुठून येतो हे बघायला सांगितलं आहे.

खरी धास्ती बेकरीच्या मालाची. त्यात मिसळलेले फॉस्फेटचे क्षार जवळजवळ सगळेच शोषले जातात. पाकिटावर फॉस्फरसचं प्रमाण बहुधा छापलेलं नसतं, पण ३३८ ते ३४१ किंवा ४५० ते ४५२ हे आयएनएस क्रमांक (खाद्यपदार्थात मिसळलेल्या रसायनांचे ठरलेले आकडे) दिसले तर ते फॉस्फेट समजावं. शिवाय मीठ. दिवसाला सोडियम २,००० मिलिग्रॅमच्या आत ठेवायचं, आणि ब्रेडच्या दोन स्लाइसमध्येच २०० ते ४०० निघून जातात. भाकरीत बहुतेक घरांत मीठ घालतच नाहीत. ते येतं शेजारच्या ठेच्यातून, लोणच्यातून आणि पापडातून. पापडात तर मिठाच्या जोडीला पापडखारही असतो.

पोटॅशियमचं प्रकरण वेगळं, तिथे फायटेट कामाला येत नाही. नाचणीत ते शंभर ग्रॅमला ४०० मिलिग्रॅमच्या पुढे, ज्वारी-बाजरीत त्याहून थोडं कमी, तांदळात १०० च्या आसपास. रक्तातलं पोटॅशियम चढलं असेल तर काही दिवस भात किंवा तांदळाची भाकरी बरी. आकडा ठीक असेल तर ज्वारीला हरकत नसते. किती भाकऱ्या, हे रिपोर्ट बघून आहारतज्ज्ञ ठरवतात. आणि डायलिसिस सुरू झालं की प्रथिनांची गरज वाढते, तेव्हा आधी मोजूनमापून दिलेली डाळ तेच आहारतज्ज्ञ पुन्हा वाढवायला सांगतात.