म्हाताऱ्या गिनीपिगचे अंथरूण : वरचा थर मऊ, खालचा थर शोषक

गिनीपिग साधारणपणे पाच ते आठ वर्षे जगतो. चौथे-पाचवे वर्ष ओलांडले की त्याच्या हालचालीत फरक दिसू लागतो. भाजी चिरल्याचा आवाज ऐकून पूर्वी पिंजऱ्याच्या कडेला धावत येणारा प्राणी आता थांबत थांबत येतो, दिवसाचा मोठा भाग एकाच कोपऱ्यात बसून काढतो आणि बरेचदा तिथेच लघवी करतो. तरुण जनावर ओल्या जागेवरून चटकन बाजूला होते. म्हाताऱ्याला ते जमत नाही, कारण त्याचे गुडघे दुखत असतात. हार्टली जातीच्या गिनीपिगांमध्ये गुडघ्याचा संधिवात आपोआप होतो आणि म्हणूनच माणसाच्या संधिवाताच्या अभ्यासासाठी ही जात अनेक दशके वापरली जात आहे. त्यामुळे उतारवयात अंथरूण हा सजावटीचा भाग राहत नाही, तो औषधोपचाराचाच एक भाग होतो.

अंथरुणाचा विचार तळव्यापासून सुरू करावा. गिनीपिगच्या पुढच्या पायाला चार आणि मागच्या पायाला तीन बोटे असतात. तळव्यांवर केस नसतात आणि सातशे ग्रॅम ते सव्वा किलोपर्यंतचा सगळा भार या उघड्या कातडीवर येतो. निरोगी तळवा हाताला गुळगुळीत आणि लवचीक लागतो. तो सतत ओला राहिला की कातडीचा वरचा थर पाण्याने फुगून मऊ पडतो आणि किरकोळ घर्षणानेही सोलवटतो. आधी टाचेकडचा भाग लालसर दिसतो, मग तिथे घट्टा पडतो, पुढे भेग पडते आणि त्या भेगेतून स्टॅफिलोकॉकस ऑरियससारखे जंतू आत शिरतात. पशुवैद्यकात या विकाराला पोडोडर्मटायटिस म्हणतात. दुर्लक्ष झाल्यास संसर्ग स्नायुबंधांपर्यंत आणि हाडापर्यंत पोहोचतो. वजन जास्त असणे, पिंजऱ्याचा तळ जाळीचा असणे आणि आहारात क जीवनसत्त्व कमी पडणे ही त्याची इतर कारणे आहेत. माणसाप्रमाणेच गिनीपिगचे शरीरही हे जीवनसत्त्व तयार करू शकत नाही आणि त्याच्याशिवाय जखम भरून काढणारे कोलॅजन नीट बनत नाही. ढोबळी मिरचीचा एक तुकडा रोज देणाऱ्याने या बाबतीत बरेच काम केलेले असते, पण ओल्या अंथरुणाची भरपाई ढोबळी मिरचीने होत नाही.

गिनीपिगची लघवीही जरा वेगळी असते. ती अल्कधर्मी असते, तिचा सामू (पीएच) साधारण आठ ते नऊ असतो. आहारातले जादा कॅल्शियम लघवीवाटे बाहेर पडत असल्याने ती गढूळ दिसते आणि वाळल्यावर कॅल्शियम कार्बोनेटची पांढरी भुकटी मागे राहते. लघवीतल्या युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया सुटतो. द्रव जितका अल्कधर्मी, तितका अमोनियाचा मोठा वाटा वायूच्या रूपात हवेत मिसळतो. उभ्या माणसाला तो वास फारसा जाणवत नाही, पण गिनीपिगचे नाक अंथरुणापासून दोन-चार सेंटीमीटरवर असते. डोळ्यांची आणि श्वासमार्गाची आतली त्वचा अमोनियाने चुरचुरते आणि न्यूमोनिया घडवणाऱ्या बोर्डेटेलासारख्या जंतूंना वाट मोकळी होते. पिंजरा स्वच्छ आहे की नाही हे ठरवायचे असेल, तर जमिनीवर बसून आपले नाक त्याच्या नाकाच्या उंचीवर न्यावे. काचेच्या टाकीत ठेवलेल्या जनावराच्या बाबतीत हा प्रयोग विशेष बोलका ठरतो.

मऊ आणि शोषक असे एकच कापड शोधण्यात बहुतेकांची गफलत होते, असे माझे मत आहे. जे तंतू पाणी चांगले शोषतात, ते पाणी धरूनही ठेवतात. सुती धागा हा सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोजच्या रेणूवरील हायड्रॉक्सिल गट पाण्याच्या रेणूंशी बंध जोडतात. सर्वसाधारण दमटपणाच्या हवेत नुसता ठेवलेला कापूससुद्धा आपल्या कोरड्या वजनाच्या सात-आठ टक्के ओलावा धरून असतो, तर पॉलिएस्टर अर्ध्या टक्क्यापेक्षाही कमी. म्हणून जुन्या सुती साडीची घडी हाताला कितीही मऊ लागली, तरी एकदा भिजल्यावर ती तळव्याला ओलीच राहते. पॉलिएस्टरचे फ्लीस, म्हणजे लव काढलेले मऊ विणीचे कापड, मात्र स्वतः पाणी पीत नाही. त्याच्या मोकळ्या तंतूंच्या फटींतून द्रव खाली उतरतो आणि खालचा शोषक थर तो ओढून घेतो. तान्ह्या बाळाचा सुती लंगोट आणि हल्लीचे डायपर यांत जो फरक आहे, तोच इथेही आहे.

तेव्हा दोन कामे दोन थरांना वाटून द्यावीत. तळाशी पाणी न झिरपणारा पत्रा किंवा प्लास्टिक, त्यावर शोषक थर आणि सर्वांत वर फ्लीस. शोषक थरासाठी आपल्याकडे गोधडीइतकी सोयीची वस्तू नाही. धुऊन धुऊन मऊ झालेल्या सुती कापडाचे चार-पाच पदर तिच्यात आधीच शिवलेले असतात. ती थेट पायाखाली मात्र घालू नये, कारण म्हाताऱ्या गिनीपिगची नखे झिजत नसल्यामुळे लांब होतात आणि टाक्यांच्या धाग्यांत अडकतात. टर्किश टॉवेलच्या फासांबाबतही हीच अडचण येते. फ्लीसची कड कापली तरी धागे सुटत नाहीत, हा त्याचा आणखी एक फायदा आहे. नाशिकच्या मेन रोडवर नुसते ‘मऊ ब्लँकेट’ मागितले, तर दुकानदार बहुधा लांब केसांचे मिंक ब्लँकेट पुढे करतो. ते थंडीत माणसाला उत्तम, पण त्याच्या दाट केसांत लघवी आणि लेंड्या अडकून बसतात. आखूड लवेचे, दोन्ही बाजूंनी सारखे दिसणारे फ्लीस मागावे.

नवे फ्लीस आणून लगेच अंथरले, तर लघवी त्यावर थेंबांच्या रूपात तशीच उभी राहते, कारण कारखान्यात कापडावर चढवलेला लेप पाणी खाली उतरू देत नाही. गरम पाणी आणि साबणाच्या पावडरीने ते तीन-चार वेळा धुवावे आणि मग परीक्षा घ्यावी. फ्लीस गोधडीवर पसरावे, त्यावर दोन चमचे पाणी ओतावे आणि मिनिटभराने तळहाताची पाठ टेकवून पाहावी. पाणी काही क्षणांत खाली उतरले आणि कातडीला गारवा लागला तरी ओल लागली नाही, तर कापड तयार झाले असे समजावे. कपडे मऊ करणारे सुगंधी द्रावण या धुण्यात कधीही वापरू नये. ते तंतूंवर मेणचट थर चढवते आणि गोधडीची शोषणशक्ती कमी करते. लघवीच्या पांढऱ्या डागांनी कडक झालेले कापड आधी पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरमध्ये भिजवावे. आम्लामुळे कॅल्शियम कार्बोनेट विरघळते आणि बारीक बुडबुडे येताना दिसतात.

लाकडाचा भुसा स्वस्त असतो आणि वखारीत सहज मिळतो, म्हणून अनेकजण तोच वापरतात. त्याच्या बारीक धुळीचा त्रास तर आहेच, पण मऊ लाकडांच्या, म्हणजे पाइन-सीडरसारख्या सूचिपर्णी झाडांच्या, बाबतीत प्रश्न अधिक खोल आहे. 1967 साली इलियट व्हेसेल या औषधशास्त्रज्ञाने ‘सायन्स’ या नियतकालिकात दाखवून दिले, की अशा लाकडाच्या भुशावर ठेवलेल्या उंदरांच्या यकृतातील औषधे मोडून काढणारी विकरे (एन्झाइम) वाढतात आणि झोपेच्या औषधाचा परिणाम त्यांच्यावर कमी वेळ टिकतो. म्हणजे अंथरुणातून हवेत येणारी सुगंधी द्रव्ये नाकावाटे शरीरात जाऊन यकृताला कामाला लावत होती. संधिवातासाठी वेदनाशामक घेणाऱ्या म्हाताऱ्या प्राण्याखाली असा वासाचा भुसा का नसावा, ते यावरून कळते. आपल्या वखारीत तर कोणकोणत्या लाकडांचा भुसा एकत्र झाला आहे, हे वखारवालाही सांगू शकत नाही.

वयस्क नरांच्या बाबतीत भुशाची आणखी एक अडचण असते. गुदद्वाराजवळची त्यांची पिशवी वयानुसार सैल पडते, तिच्यात लेंड्या साचतात आणि भुशाचे कण चिकटून बसतात. त्यातच गिनीपिग आपल्या मऊ लेंड्या थेट गुदद्वारातून तोंडात घेऊन खातात आणि त्यांतून जीवनसत्त्वे मिळवतात. पाठ आखडलेल्या म्हाताऱ्याला तिथवर वाकता येत नाही. मग त्या मागच्या केसांना आणि अंथरुणाला लागतात. उन्हाळ्यात आणि पावसाळ्यात अशा घाणीवर माशा अंडी घालतात आणि एका दिवसातही अळ्या होऊ शकतात. कापडी अंथरुणावर ही लेंडी लगेच दिसते, भुशात ती लपते.

इगतपुरी-त्र्यंबकच्या भातपट्ट्यातला पेंढा दिसायला छान, पण त्याच्या काड्या मेणचट असल्याने पाणी शोषत नाहीत आणि त्यांची टोके डोळ्याला लागतात. भाताचे तूस कोंबड्यांच्या शेडमध्ये शोभते, कारण त्यातला सिलिका तळव्याला खरखरीत लागतो. वर्तमानपत्र भिजले की सपाट आणि निसरडे होते आणि अशक्त मागचे पाय त्यावरून बाजूला घसरतात. छपाई नसलेल्या कागदाचा फुगीर लगदा चांगला असतो. तो लघवीच्या कोपऱ्यातल्या उथळ ट्रेमध्ये घालावा आणि वरून सुके गवत ठेवावे, कारण गिनीपिगला खाता खाता लघवी करण्याची सवय असते. ट्रेची कड दोन-तीन सेंटीमीटरपेक्षा उंच नसावी. पाणी लागताच गोळा होणारी मांजरांची माती मात्र अजिबात वापरू नये, ती पोटात गेल्यास आतडे तुंबू शकते.

गादी जाड असली म्हणजे सांध्यांना आराम मिळतो, हा समज अर्धाच खरा आहे. फार मऊ स्पंजमध्ये पाय रुततात आणि दुखऱ्या गुडघ्यांना प्रत्येक पावलाला जास्त जोर लावावा लागतो. झोपण्याच्या कोपऱ्यात एक जाडसर थर आणि चालण्याच्या जागेवर घट्ट, सपाट थर, अशी विभागणी मला अधिक योग्य वाटते.

नाशिकचे हवामान या बाबतीत वर्षभर नवे प्रश्न घालते. गिनीपिगला घाम येत नाही आणि 27-28 अंशांच्या पुढे त्याला उष्णतेचा त्रास सुरू होतो, तर इथे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो. तेव्हा पिंजऱ्याचा एक कोपरा फ्लीसशिवाय ठेवून तिथे शहाबादी फरशीचा तुकडा ठेवावा, म्हणजे जनावर पोट टेकून गार होते आणि हवे तेव्हा मऊ जागेवर परतते. डिसेंबर-जानेवारीत, निफाडच्या थंडीची बातमी रोज वर्तमानपत्रात येते त्या दिवसांत, जमीनच अंगातली ऊब खेचून घेते. पिंजऱ्याखाली पन्हळी पुठ्ठ्याचे दोन-तीन थर घातले, तर त्यांतली अडकलेली हवा पुरेसा आडोसा देते. द्राक्षांची रिकामी खोकी त्यासाठी उत्तम. पावसाळ्यात खरी अडचण गोधडी वाळवण्याची असते. बाहेरून कोरडी दिसणारी गोधडी आतून दमट राहते आणि तिला बुरशी धरते, म्हणून त्या चार महिन्यांत जाड गोधडीऐवजी सुती कापडाचे सुटे पदर वापरावेत. ते पंख्याखाली रात्रभरात वाळतात. अशा तीन जोड्या असल्या की भागते.

वरचे फ्लीस रोज झटकावे आणि म्हातारा गिनीपिग असेल तर एक-दोन दिवसांनी बदलावे. तळव्यावर लाली किंवा खपली दिसल्यास पशुवैद्याकडे जावे, घरातले प्रतिजैविक देऊ नये. तोंडावाटे दिलेल्या पेनिसिलिन गटातील औषधांनी गिनीपिगच्या आतड्यातले उपयुक्त जिवाणू मरतात आणि तो दगावू शकतो. फ्लीस घेताना गडद नक्षीपेक्षा फिकट एकरंगी निवडावे. त्यावर लघवीतली रक्ताची फिकट छटा किंवा खरखरीत वाळूसारखा साका पहिल्या दिवशीच नजरेस पडतो. म्हाताऱ्या गिनीपिगांत मूतखडा वारंवार आढळतो आणि पहिल्या दिवशी डॉक्टरांकडे गेल्यास त्यावर उपचार करायला वाव असतो.