मधमाशी, केळी आणि चार वर्षांची वदंता

‘मधमाश्या संपल्या, की चार वर्षांत माणूस संपेल’ हे विधान आइन्स्टाइनच्या नावावर वर्षानुवर्षे फिरत आहे. त्यांच्या लेखनात मात्र ते आढळत नाही. शिवाय ते निसर्गाला एकाच साखळीसारखे पाहते. कोणते कीटक कोणत्या फुलांवर येतात हे शेतात नोंदवून संबंधांचा नकाशा काढला, की साखळीऐवजी जाळे दिसते, ज्यात बहुतेक फुलांना एकाहून अधिक पाहुणे असतात आणि काही धागे तुटले तरी उरलेले काही काळ भार पेलतात. खान्देशातच पाहा. रावेर-यावलची केळी परागीभवनाविनाच फळते, ज्वारी-बाजरीचे काम मुख्यत्वे वाऱ्यावर आणि स्वपरागीभवनावर भागते आणि कापूस बहुतांशी स्वपरागित आहे. याउलट बियाण्यासाठी लावलेल्या कांद्याच्या एकाच फुलात परागकण आधी सुटतात व स्त्रीकेसर नंतर पक्व होतो, त्यामुळे माश्या फिरकल्या नाहीत तर बी फारच कमी भरते. नेमक्या त्याच वेळी फुलोऱ्यावर कीटकनाशक फवारणारेही आहेत! जगातील प्रमुख अन्नपिकांपैकी सुमारे तीन चतुर्थांश पिके कमी-अधिक प्रमाणात परागवाहक प्राण्यांवर अवलंबून असली, तरी एकूण उत्पादनात या पिकांचा वाटा सुमारे ३५ टक्के आहे. म्हणजे धोका आहे. पण तो उपासमारीआधी फळे, भाज्या, तेलबिया आणि बियाण्यांवर येईल.