रिपोर्ट नॉर्मल, मग पोट का दुखतं?
"सोनोग्राफी नॉर्मल, एंडोस्कोपी नॉर्मल; म्हणजे दुखणं मनाचं." वर्षानुवर्षं ऐकवलं जाणारं हे वाक्य चूक आहे. गुदाशयात छोटा फुगा घालून हळूहळू फुगवला, तर इरिटेबल बॉवेलच्या (वारंवार पोटदुखी आणि शौचाच्या तक्रारी, पण तपासण्या नॉर्मल) अनेक रुग्णांना इतरांपेक्षा कमी ताणालाच कळ येते. आतडं दिसायला धडधाकट, नसा मात्र हळव्या झालेल्या. फोटोत हे दिसणार कसं?

मनाचा संबंध आहेच. चिंता, नैराश्य या रुग्णांत जास्त आढळतं, पण वाट दुहेरी: कुणाचं आधी पोट बिघडतं, कुणाचं मन. म्हणूनच अशा आजारांचं निदान ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय रोम निकषांत २०१६ साली या आजारांना आतडं-मेंदू संवादाचे विकार म्हटलंय. आणि हो, कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलीन ही मुळात नैराश्यावरची गोळी लिहून दिली म्हणजे डॉक्टरांनी वेड्यात काढलं असं नव्हे. ती वेदनेचे संदेश मंदावते.