डोळ्याच्या पडद्याचं ऑपरेशन झालं, तरी रक्त पुन्हा का येतं?

मधुमेहामुळे डोळ्यात रक्त उतरलं, विट्रेक्टॉमी हे ऑपरेशन झालं, नजर स्वच्छ झाली. मग काही महिन्यांनी डोळ्यापुढे पुन्हा काळे धागे तरंगायला लागतात. घरच्यांचा राग सर्जनवर निघतो. दोष मात्र अनेकदा त्या पडद्याच्या उपासमारीचा असतो.

ऑपरेशनमध्ये डोळ्याच्या पोकळीतला रक्ताळलेला घट्टसर द्रव काढतात, पडद्याला ओढणारे पापुद्रे सोलतात. मधुमेहाने बुजलेल्या केशवाहिन्या मात्र बुजलेल्याच राहतात. प्राणवायूला आसुसलेला पडदा व्हीईजीएफ हे प्रथिन सोडत राहतो आणि नव्या वाहिन्या फुटतात. नळाला पाणी नसलेल्या गल्लीत रातोरात चोरून जोडणी घ्यावी, तसा हा कारभार. पाइप कच्चा, गळती ठरलेली.

त्या उगवतात कुठे? उपकरणं आत घालायला बुबुळाच्या कडेपासून साडेतीन-चार मिलिमीटरवर, पांढऱ्या भागात छिद्रं पाडतात. ती भरून येताना आतल्या बाजूने कोवळ्या वाहिन्या शिरू शकतात. ही जागा नेहमीच्या तपासणीत सहज दिसत नाही, खास सोनोग्राफी करावी लागते. त्याहून वाईट म्हणजे बुबुळाच्या रंगीत भागावर वाहिन्या चढणं. मधला द्रव गेल्याने व्हीईजीएफला पुढे यायला आडकाठी उरत नाही. डोळ्यातल्या पाण्याचा निचरा तुंबतो, दाब भडकतो आणि हट्टी काचबिंदू होतो. डोळा लाल होऊन ठणकायला लागला, तर पुढच्या तारखेची वाट पाहू नये.

उपायांत लेझर जुना. पडद्याच्या कडेच्या भागावर शेकडो ठिपके भाजायचे, म्हणजे प्राणवायूची मागणीच घटते. कडेची नजर थोडी देऊन मधली वाचवायची; सौदा रांगडा, पण 1976 साली अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत तो खरा ठरला. व्हीईजीएफला रोखणारं बेव्हासिझुमॅब हे औषध 2004 मध्ये आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं आणि पुढच्याच वर्षी डोळ्यात टोचलं जाऊ लागलं. डोस जेमतेम 1.25 मिलिग्रॅम, म्हणजे 0.05 मिलिलिटर. काही दिवसांतच वाहिन्या सुकायला लागतात.

पण हा असर काही आठवडेच टिकतो. द्रव काढलेल्या डोळ्यातून औषध आणखी लवकर निघून जाऊ शकतं. वाहिन्यांसोबत जाड तंतुमय पापुद्रा असेल, तर तो आक्रसून पडदा ओढतो, कधी उचकटतोही. म्हणून केवळ इंजेक्शनवर भिस्त ठेवायची, तर रुग्णाने तारखा चुकवून चालत नाही. लांबच्या गावाहून येणाऱ्या, पुन्हा येतील याची खात्री नसलेल्या माणसाचं राहिलेलं लेझर आधी पुरं करणं केव्हाही शहाणपणाचं.