वाईट रिव्ह्यू टाकला की दंड: ही पद्धत आली कुठून

नोव्हेंबर २०१४ मध्ये इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलची एक बातमी जगभर फिरली होती, काही जणांना आठवत असेल. तिथल्या ब्रॉडवे हॉटेलात एक जोडपं एक रात्र राहिलं, खोलीचं भाडं ३६ पौंड, खोली त्यांच्या मते अगदीच गलिच्छ, म्हणून घरी गेल्यावर त्यांनी प्रवाशांची मतं छापणाऱ्या ट्रिपअ‍ॅडव्हायझरवर सडकून रिव्ह्यू लिहिला आणि मग काय, हॉटेलने त्यांच्या क्रेडिट कार्डातून परस्पर १०० पौंड कापून घेतले. विचारल्यावर बुकिंगच्या अटींकडे बोट दाखवलं, त्यात लिहिलेलं होतं की कुठल्याही वेबसाइटवर वाईट रिव्ह्यू आला तर दर रिव्ह्यूमागे १०० पौंडांपर्यंत आकार लागेल. म्हणजे मत मांडल्याबद्दल भाड्याच्या जवळपास तिप्पट दंड. पेपरात आलं, तिथल्या कौन्सिलचं ग्राहकांच्या तक्रारी बघणारं ट्रेडिंग स्टँडर्ड्स खातं मागे लागलं, तेव्हा कुठे पैसे परत मिळाले आणि ती अट निघाली.

लोकांनी तेव्हा ही गोष्ट एका विक्षिप्त हॉटेलवाल्याचा किस्सा म्हणून वाचली आणि सोडून दिली. पण ती एकट्याची नव्हती, आणि तिच्या मागे बराच जुना इतिहास आहे, तो माहीत असला की आपल्याकडे आज जे चाललंय ते जास्त स्पष्ट दिसतं म्हणून हे लिहितोय.

मुळात परगावी उतरणारा माणूस अडलेला असतो. रात्र झालीय, सोबत पोरंबाळं, सामान, गाव अनोळखी, आणि ज्याच्या दारात उभे आहोत त्याच्याबद्दल काहीच माहीत नाही. किराणावाल्याने एकदा फसवलं तर पुढच्या महिन्यात दुकान बदलता येतं, लॉजवाल्याकडे आपण परत जाणारच नसतो, त्यामुळे आपल्या नाराजीने त्याचं काही बिघडत नाही. हे कायदा करणाऱ्यांना फार पूर्वीच कळलेलं होतं. रोमन कायद्यात जहाजवाले, सराईवाले आणि तबेलेवाले यांच्या ताब्यात दिलेल्या मालाची जबाबदारी त्यांच्यावरच टाकलेली होती, आणि उल्पियन या कायदेपंडिताने त्याचं कारण देऊन ठेवलंय, की प्रवाशाला या लोकांवर विश्वास टाकण्यावाचून इलाज नसतो आणि असा नियम नसता तर त्यांना चोरांशी संगनमत करायला मोकळं रान मिळालं असतं. इंग्लंडमध्ये १५८४ च्या कॅलीच्या खटल्यात हेच तत्त्व पक्कं झालं, उतारूचं सामान सराईतून चोरीला गेलं तर सराईवाला भरून देणार. आपल्याकडे इंग्रजांनी १८६७ साली सराई कायदा केला, सराई नोंदवायची, खोल्या, व्हरांडे, गटारं, विहिरी स्वच्छ ठेवायच्या, नाही ठेवल्या तर दंड. (याच कायद्याच्या नावाने कुठल्याही हॉटेलात फुकट पाणी आणि बाथरूम वापरायचा हक्क मिळतो असे व्हॉट्सअ‍ॅप फॉरवर्ड फिरतात, तसं त्यात सरसकट काही लिहिलेलं नाही.)

आणि हे सगळं जुनंपुराणं झालं असं समजू नका. दिल्लीच्या ताजमहाल हॉटेलात १९९८ साली पार्किंगसाठी चावी दिलेली एक मारुती गाडी चोरीला गेली, पावतीवर 'गाडी मालकाच्या जबाबदारीवर' छापलेलं होतं, आणि तरीही नोव्हेंबर २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की हॉटेलला स्वतःच्या निष्काळजीपणाची जबाबदारी असं छापून झटकता येणार नाही. एकवीस वर्षं गेली त्यात, पण मुद्द्याचा निकाल लागला. छापील अट म्हणजे देववाणी नव्हे, हे आपल्या सर्वोच्च न्यायालयाने हॉटेलच्याच बाबतीत म्हटलेलं आहे.

आता 'आमच्याबद्दल वाईट बोलायचं नाही' ही अट. ती हॉटेलवाल्यांनी शोधलेली नाही, सॉफ्टवेअरवाल्यांनी. १९८० च्या दशकात विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या डेव्हिड डेविट या प्राध्यापकाने वेगवेगळ्या डेटाबेसच्या वेगाची चाचणी घेतली, त्यातल्या ओरॅकल कंपनीच्या डेटाबेसचा निकाल काही बरा आला नाही, आणि त्यानंतर ओरॅकलच्या लायसन्समध्ये परवानगीशिवाय असे निकाल छापायचे नाहीत अशी अट आली. या अटीला त्या धंद्यात आजही डेविटचंच नाव आहे. पुढे मॅकाफी अँटिव्हायरस विकणाऱ्या नेटवर्क असोसिएट्सने तर लिहूनच टाकलं की आमच्या संमतीशिवाय ग्राहकाने रिव्ह्यू प्रसिद्ध करायचा नाही. न्यूयॉर्क राज्याचे तेव्हाचे मुख्य सरकारी वकील, म्हणजे अ‍ॅटर्नी जनरल एलियट स्पिट्झर कोर्टात गेले आणि २००३ मध्ये कोर्टाने ती अट वापरायला कंपनीला मनाई केली. मग अमेरिकेतले काही डॉक्टर आणि डेंटिस्ट पेशंटकडून रिव्ह्यू न लिहिण्याच्या कागदावर सह्या घ्यायला लागले, दाढ ठणकत असताना समोर आलेला कागद कोण वाचतो.

हॉटेलांना या अटीची गरज वाटायला लागली ती ट्रिपअ‍ॅडव्हायझरमुळे. २००० साली ती साइट सुरू झाली आणि हळूहळू एका रात्रीच्या गिऱ्हाइकाच्या हातात इतिहासात पहिल्यांदा काहीतरी आलं. तोवर गाइडबुकवाला येऊन काय लिहील तेवढीच धास्ती असायची. सुरुवातीला हॉटेलवाल्यांनी सरळ साइटलाच कोर्टात खेचून पाहिलं. टेनेसीमधल्या ग्रँड रिसॉर्टचं नाव ट्रिपअ‍ॅडव्हायझरच्या २०११ च्या 'सर्वात घाणेरड्या हॉटेलां'च्या यादीत आलं, मालकाने एक कोटी डॉलरचा दावा लावला, तो २०१३ मध्ये अपिलातही हरला, कोर्टाचं म्हणणं असं की 'सर्वात घाणेरडं' हे लोकांच्या मतांवर आधारलेलं अतिशयोक्त विधान आहे, ते कोणी तपासून मांडलेलं सत्य समजत नाही. शिवाय अमेरिकेत १९९६ च्या कायद्यामुळे दुसऱ्याने लिहिलेल्या मजकुरासाठी साइटला सहसा धरताच येत नाही. म्हणजे साइट हाताला लागत नाही, मग उरलं कोण, तर लिहिणारा, आणि त्याचं कार्ड आधीच आपल्या मशीनमध्ये आहे.

माझ्या मते या सगळ्या इतिहासातली कळीची गोष्ट ती हीच, कार्ड. कोर्टात जाऊन बदनामी सिद्ध करा, वकील लावा, वर्षं घालवा, त्यापेक्षा अटीत एक ओळ घाला आणि पैसे कापून घ्या. ते परत मिळवायची धावाधाव गिऱ्हाइकाने करायची.

२०१४ हे वर्ष यासाठीच लक्षात ठेवण्यासारखं आहे. ब्लॅकपूलच्या तीन महिने आधी, ऑगस्टमध्ये, न्यूयॉर्क राज्यातल्या हडसन गावातल्या युनियन स्ट्रीट गेस्ट हाउसची अट उघडकीला आली: तुम्ही लग्नासाठी बुकिंग केलं आणि तुमच्या पाहुण्यांपैकी कोणी वाईट रिव्ह्यू टाकला तर तुमच्या डिपॉझिटमधून दर रिव्ह्यूला ५०० डॉलर कापणार, रिव्ह्यू काढला तर परत. म्हणजे मामेसासऱ्यांना गादी टोचली आणि त्यांनी ते लिहिलं तर भुर्दंड नवरानवरीला. बातमी आल्यावर लोकांनी येल्प या रिव्ह्यूच्या साइटवर त्या गेस्ट हाउसवर एक-स्टारचा पाऊस पाडला आणि मालकांनी ती अट म्हणजे जुनी गंमत होती असं सांगून काढून घेतली. त्याच सप्टेंबरमध्ये कॅलिफोर्नियाने अशा अटींवर बंदी घालणारा कायदा केला, पहिल्या वेळेला २,५०० डॉलरपर्यंत दंड. त्याला निमित्त वेगळं होतं, क्लिअरगिअर नावाच्या ऑनलाइन दुकानाने युटामधल्या एका जोडप्याकडे वाईट रिव्ह्यूबद्दल ३,५०० डॉलर मागितले होते, दिले नाहीत म्हणून क्रेडिट रेकॉर्ड खराब केलं, आणि शेवटी कोर्टाने उलट त्या जोडप्याला तीन लाख डॉलरच्या वर भरपाई मंजूर केली. डिसेंबर २०१६ मध्ये ओबामांनी देशभरासाठीच्या कायद्यावर सही केली: ग्राहकासमोर तयार ठेवलेल्या छापील करारात रिव्ह्यूला मनाई, त्यावर दंड किंवा रिव्ह्यूचे हक्क कंपनीला देण्याची अट, तिन्ही रद्दबातल. खोटं लिहून बदनामी केली तर मात्र या कायद्याचा आडोसा मिळत नाही, आणि ते बरोबरच आहे.

इंडियानामधलं प्रकरण जरा जवळून बघण्यासारखं आहे. नॅशव्हिल नावाच्या छोट्या गावातलं अ‍ॅबी इन, मार्च २०१६. एक बाई नवऱ्याबरोबर राहायला गेल्या, खोलीत गटाराचा वास, एसी नीट चालत नाही, रिसेप्शनला माणूस नाही. घरी परतल्यावर हॉटेलनेच ईमेल पाठवून विचारलं, कसं वाटलं राहून, रिव्ह्यू द्या. त्यांनी दिला, खरा खरा. कार्डातून ३५० डॉलर गेले, वर वकिलाचं पत्र आलं, बिचारीने घाबरून रिव्ह्यू काढून टाकला. अटीत शब्द असे फिरवलेले होते की तक्रार असेल तर मुक्कामातच आम्हाला सांगा, आम्हाला संधी न देता बाहेर जाहीरपणे बोललात तर ते नुकसान समजू. वरवर किती वाजवी वाटतं बघा, 'आधी आम्हाला सांगा', कोणाला पटणार नाही, पण सांगणार कोणाला, काउंटरला माणूसच नव्हता. डिसेंबर २०१७ मध्ये राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलने हॉटेलवर दावा लावला.

दंडाचा रस्ता बंद होत गेला तसा फौजदारीचा वापर जिथे शक्य आहे तिथे होत राहिला. थायलंडमध्ये २०२० साली को चांग बेटावरच्या सी व्ह्यू रिसॉर्टने, तिथे उतरलेल्या एका अमेरिकन शिक्षकावर बदनामीची केस केली. भांडण कशावरून, तर बाहेरून आणलेली दारूची बाटली टेबलावर उघडायची ५०० बाथ फी. त्याने चिडून एकापेक्षा जास्त रिव्ह्यू टाकले, एकात गुलामगिरीसारखा शब्द वापरला, रिसॉर्टचं म्हणणं की हे खोटं आणि आकसाने. शब्द मलाही जास्तीचा वाटतो. पण त्यासाठी माणूस अटक होऊन दोन रात्री कोठडीत, दोन वर्षांपर्यंत कैदेची टांगती तलवार, हे कुठल्या मापात बसतं? शेवटी त्याने माफी मागितली, केस मागे घेतली गेली, आणि ट्रिपअ‍ॅडव्हायझरने रिसॉर्टच्या पानावर लाल सूचना लावली की या हॉटेलने रिव्ह्यूवरून माणसाला तुरुंगात टाकायला लावलं होतं.

हॉटेलवाल्यांची बाजू पण आहे, ती न सांगणं अन्याय होईल. 'डिस्काउंट द्या नाहीतर एक स्टार टाकतो' असं काउंटरवर उभं राहून म्हणणारे महाभाग आहेत, समोरच्या लॉजवाल्याने पैसे देऊन टाकून घेतलेले रिव्ह्यू आहेत. ब्रिटनच्या जाहिरात नियामकाने २०१२ मध्येच ट्रिपअ‍ॅडव्हायझरला तुमचे सगळे रिव्ह्यू खरे असल्याचा दावा करू नका असं बजावलं होतं, आणि इटलीत लेच्चेच्या कोर्टाने २०१८ मध्ये खोटे रिव्ह्यू विकणाऱ्याला नऊ महिन्यांची शिक्षा दिली. साइट्सनी पण बदल केले. ऑनलाइन खरेदी-विक्रीच्या ईबेने २००८ मध्ये विक्रेत्यांना खरेदीदाराविरुद्ध वाईट शेरा मारायची सोयच काढली कारण तिचा वापर सूड घ्यायला होत होता, लोकांची घरं मुक्कामाला भाड्याने मिळवून देणाऱ्या एअरबीएनबीने २०१४ पासून यजमान आणि पाहुणा दोघांचे रिव्ह्यू एकदमच उघड करायला सुरुवात केली, म्हणजे एकाचं वाचून दुसऱ्याने उट्टं काढायला नको.

आता आपल्याकडचं. कार्डातून परस्पर पैसे कापायची पद्धत इथे फारशी रुजली नाही, एक तर आपण यूपीआयने देतो आणि कार्ड वापरलं तरी वर ओटीपी लागतो. इथे हत्यार वेगळं आहे, मोबाइल नंबर आणि आधारची झेरॉक्स. कोकणातल्या एका लॉजबद्दल मी तीन स्टार देऊन ओल्या चादरींबद्दल लिहिलं तर मालकाचा फोन आला, सुरुवात 'साहेब आमचं पोट आहे यावर, काढून टाका ना' अशी आणि शेवट 'तुमचा सगळा पत्ता आहे आमच्याकडे' असा. दंड नाही, नोटीस नाही, पण माणूस घरात बसून घाबरतो. मे २०२२ मध्ये आधार प्राधिकरणाच्या बंगळुरू कार्यालयाने पत्रक काढलं होतं की हॉटेलांसारख्या खाजगी ठिकाणांना आधारची प्रत घ्यायची परवानगी नाही, दोन दिवसांत सरकारने ते मागे घेतलं. मास्क्ड आधार, ज्यात शेवटचे चारच आकडे दिसतात, तो द्या असं मी सगळ्यांना सांगत असतो.

आणि जास्त ताणलं तर धमकी येते 'पोलिसात देतो' अशी. ही धमकी आपल्याकडे उगाच लागू पडत नाही, नोव्हेंबर २०१२ मध्ये पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झालेली महाराष्ट्र विसरलेला नाही. ज्या कलमांखाली ती झाली त्यातलं माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २४ मार्च २०१५ ला रद्द केलं. पण २०१६ मध्ये त्याच कोर्टाने फौजदारी बदनामी कायम ठेवली आणि ती आता भारतीय न्याय संहितेत कलम ३५६ म्हणून आहे, दोन वर्षांपर्यंत शिक्षा. गोव्यात २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये परदेशी पर्यटक घटल्याची आकडेवारी पोस्ट करणाऱ्या एका उद्योजकाविरुद्ध खुद्द पर्यटन खात्यानेच पोलिसात तक्रार दिली, मग एखाद्या रिसॉर्टवाल्याला आपणही तसंच करावं वाटलं तर नवल काय. एवढं मात्र लक्षात ठेवा की बदनामी हा अदखलपात्र गुन्हा आहे, पोलीस स्वतःहून एफआयआर घेऊन अटक करू शकत नाहीत, हॉटेलवाल्याला मॅजिस्ट्रेटकडे जावं लागतं. आणि सार्वजनिक हितासाठी मांडलेलं सत्य बदनामी ठरत नाही, म्हणून फोटो काढून ठेवा, तारखेसकट.

रिव्ह्यूंसाठी भारतीय मानक ब्युरोने नोव्हेंबर २०२२ मध्ये आयएस १९००० हे मानक काढलं, ते ऐच्छिक आहे आणि बहुतांश साइट्सना लागू पडेल असं, पण हॉटेलने गिऱ्हाइकाला धमकावलं तर काय याचं उत्तर त्यात शोधू नका. त्यासाठी २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे, २० जुलै २०२० पासून लागू. त्यात 'अनुचित करार' ही कल्पना पहिल्यांदा आली, नुकसानाच्या मानाने अवाजवी दंड किंवा ग्राहकावर गैरवाजवी आकार लादणारी अट त्यात बसते, म्हणजे ब्लॅकपूलसारखी अट इथे कोणी लावली तर ती टिकायला नको. अडचण अशी की अनुचित अट रद्द ठरवायचा अधिकार जिल्हा ग्राहक आयोगाला दिलेलाच नाही, राज्य आयोगाकडेच जावं लागतं. दोन हजारांच्या खोलीसाठी जव्हारचा किंवा गडचिरोलीचा माणूस राज्य आयोगापुढे उभा राहणार नाही, ऑनलाइन दाखल करायची सोय असली तरी. हा अधिकार जिल्हा आयोगाला मिळायला हवा, ग्राहक पंचायतींनी मागणी लावून धरावी इतका महत्त्वाचा मुद्दा आहे, आणि तोवर निदान १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर प्रत्येक धमकीची नोंद करत राहा, फोन आला त्याच दिवशी.