विजेच्या डोक्यावरची वीज

वादळी ढगांच्या कितीतरी वर कधीकधी क्षणभर लालसर उजेड चमकतो, त्याला स्प्राइट म्हणतात. जमिनीलगतच्या हवेतून ठिणगी उडवायची तर दर मीटरला सुमारे 30 लाख व्होल्ट लागतात. 70 किलोमीटर उंचीवर मात्र दर मीटरला दोनशेच्या आसपास व्होल्ट पुरतात. आपल्या घरच्या सॉकेटमध्येही 230 असतात! कारण एवढंच की तिथली हवा दहा हजार पटींहून अधिक विरळ असते. ट्यूबलाइटच्या नळीत वायू विरळ ठेवतात, तोही याच सोयीसाठी.

हे गणित स्कॉटिश शास्त्रज्ञ सी. टी. आर. विल्सन यांनी 1925 च्या सुमारास मांडलं. ढगातला विद्युतभार एकाएकी जमिनीत उतरला, की ढगाच्या वरही विद्युतक्षेत्र तयार होतं. उंचीबरोबर ते क्षीण होत जातं खरं, पण हवा त्याहून झपाट्याने विरळ होते. म्हणजे वर कुठेतरी अशी पातळी येणारच, जिथे हवेचा टिकाव लागणार नाही आणि ती उजळेल. भाकीत साठहून अधिक वर्षं कागदावरच राहिलं. वादळाच्या वर उजेड पाहिल्याचं वैमानिक अधूनमधून सांगत, पण पुरावा कुठे होता?

तो सापडला अपघाताने. जुलै 1989 मध्ये मिनेसोटा विद्यापीठातले जॉन विंकलर आणि त्यांचे सहकारी रॉकेटवरच्या प्रयोगासाठी एक कॅमेरा तपासत होते, अगदी मंद उजेडही टिपणारा. दूर क्षितिजाकडे वादळ चालू होतं. नंतर टेप पाहताना त्यावर उजेडाचे दोन खांब दिसले, ढगांच्या कितीतरी वर उभे. मग स्पेस शटलमधून केलेलं चित्रण पुन्हा तपासलं गेलं, तर त्यातही असे झोत निघाले. इतके दिवस ते शोधायला कोणी बसलंच नव्हतं.

अलास्का विद्यापीठातल्या डेव्हिस सेंटमन यांनी त्यांना नाव दिलं 'स्प्राइट', म्हणजे चपळ, खोडकर परी. शीतपेयाशी काही संबंध नाही. हे बारसं कोकणात झालं असतं तर नाव 'चकवा' पडलं असतं, आणि मला तेच जास्त आवडलं असतं.

स्प्राइट साधारण 70-75 किलोमीटरवर पेटतो. वर 90 पर्यंत लालसर झळाळी, खाली 40-50 पर्यंत लोंबणाऱ्या तंतूंची झालर; कधी जेलीफिशसारखा, कधी पाल्यासकट गाजरासारखा. लाली नायट्रोजनची. खेळ संपायला सेकंदाचे काही हजारावे भागच लागतात. विजेसारखा तो तापलेला नसतो, ट्यूबलाइटसारखा थंड असतो.

पण प्रत्येक विजेमागे स्प्राइट येत नाही. जमिनीवर पडणाऱ्या बहुतेक विजा ऋण भार खाली आणतात. धन भार आणणाऱ्या दहांत एखादी. स्प्राइट जवळजवळ नेहमी या दुसऱ्या जातीच्या पाठीवर येतो, कारण तिचा प्रवाह रेंगाळतो आणि ढगातला प्रचंड भार एका दमात उपसतो. मोठ्या वादळाचा मुख्य जोर पुढे सरकतो, मागे शेकडो किलोमीटर पसरलेला संथ पावसाचा थर उरतो. अशा विजा बऱ्याचदा त्या थरातून येतात. गडगडाट ओसरला म्हणून खाली लोक खिडक्या उघडतात, तेव्हा वरचा खेळ रंगात असतो.

वादळाच्या वर निळे झोतही दिसतात, पण ते स्प्राइटहून वेगळे. ते ढगाच्या माथ्यातूनच वर उसळतात. सप्टेंबर 2015 मध्ये अंतराळस्थानकातून डॅनिश अंतराळवीर आंद्रेआस मोगेन्सन यांनी बंगालच्या उपसागरावरचं वादळ चित्रित केलं, तर 160 सेकंदांत 245 निळे लखलखाट मोजले गेले. एक झोत 40 किलोमीटरपर्यंत पोचला होता. भारतीय भूमीवरूनही स्प्राइट टिपले गेले आहेत. पनवेलला मुख्यालय असलेल्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेच्या अलाहाबाद (आताचं प्रयागराज) इथल्या केंद्रातून.

बघायचं असेल तर वादळाखाली उभं राहून उपयोग नाही, मध्ये ढगच येतात. वादळ दोन-तीनशे किलोमीटर दूर हवं आणि मधलं आकाश निरभ्र, काळंकुट्ट. हात लांब करून क्षितिजावर मूठ धरा आणि तिच्या थोडं वर बघा. खाली लखलखणाऱ्या ढगाकडे नजर गेली की डोळे दिपतात, म्हणून तो पुठ्ठ्याने झाकलेला बरा.