हृदयपटलातील छिद्रांवरील संशोधन

हृदयाच्या डाव्या आणि उजव्या बाजूंमधील पडद्यात जन्मतः राहून गेलेल्या फटीला पटलदोष म्हणतात. बोलताना सगळे ‘हृदयाला छिद्र’ असेच म्हणतात. या शब्दाने थोडी दिशाभूल होते. धडधाकट पडद्याला मागाहून भोक पडले, असे बहुधा घडलेले नसते. गर्भावस्थेच्या पहिल्या दोन महिन्यांत पडद्याचे जे भाग वाढून एकमेकांना जुळायचे, त्यांतला एखादा अपुरा राहतो. वरच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे अलिंदांमधील छिद्र ते एएसडी. खालच्या निलयांमधील ते व्हीएसडी. छिद्र बुजवायचे कसे, हे वैद्यकाला 1950 च्या दशकात कळले. कोणते, केव्हा बुजवायचे आणि कोणत्याला हात लावायचा नाही, हे शिकायला त्याहून कितीतरी अधिक काळ लागला.

सुरुवात कानापासून झाली. फ्रेंच वैद्य आंरी रोजे यांनी 1879 मध्ये अशा मुलांचे वर्णन केले, ज्यांच्या छातीवर कान ठेवला की मोठी खरखर ऐकू येई, पण मुले एरवी ठणठणीत असत. कारण दाबात आहे. जन्मानंतर काही आठवड्यांत डाव्या निलयातील दाब उजव्याच्या चौपट-पाचपट होतो, त्यामुळे बारीक छिद्रातून रक्ताची चिळकांडी जोरात उडते आणि आवाज करते. छिद्र मोठे असेल तर दोन्हीकडचा दाब सारखा होत जातो आणि आवाज मंदावतो. म्हणजे आवाज जितका मोठा तितका आजार मोठा, हा घरच्यांचा साहजिक समज येथे उलटा ठरतो. एएसडीचे तर विचारूच नका: दोन अलिंदांमधील दाबाचा फरक इतका थोडा की छिद्र स्वतः गप्पच राहते. ऐकू येते ती छिद्रातून डावीकडून उजवीकडे येऊन फुफ्फुसाकडे जाणाऱ्या जादा रक्ताची फुफ्फुसधमनीच्या झडपेपाशी होणारी हलकी सळसळ. हृदयाचा दुसरा ठोकाही दुभंगलेला ऐकू येतो आणि श्वासाबरोबर त्याचे अंतर बदलत नाही. म्हणूनच कित्येकांचे एएसडी तिशी-चाळिशीपर्यंत लक्षातच येत नाही.

1897 मध्ये ऑस्ट्रियन वैद्य व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी 32 वर्षांच्या एका रुग्णाची नोंद केली. लहानपणापासून अंग निळसर, शेवटी खोकल्यातून खूप रक्त पडून मृत्यू, आणि शवविच्छेदनात मोठे व्हीएसडी. याचा उलगडा लंडनचे हृदयरोगतज्ज्ञ पॉल वुड यांनी 1958 मध्ये नीट मांडला. वर्षानुवर्षे जादा रक्त अंगावर घेऊन फुफ्फुसातील बारीक धमन्या जाड आणि अरुंद होतात, तिथला दाब चढतो, आणि एक दिवस प्रवाह उलटतो: अशुद्ध रक्त उजवीकडून डावीकडे जाऊ लागते. या टप्प्यावर छिद्र हीच उजव्या निलयाची सुटकेची वाट असते. ते बंद केले तर रुग्ण दगावू शकतो. पुढच्या सगळ्या संशोधनावर या निष्कर्षाची छाया आहे.

शस्त्रक्रियेचा इतिहास मोजक्या तीन वर्षांत घडला. 2 सप्टेंबर 1952 रोजी अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात जॉन लुईस यांनी पाच वर्षांच्या मुलीचे शरीर थंड करून, रक्तप्रवाह काही मिनिटे थांबवून एएसडी शिवले. 6 मे 1953 रोजी फिलाडेल्फियात जॉन गिबन यांनी 18 वर्षांच्या मुलीचे एएसडी हृदय-फुफ्फुस यंत्रावर बंद केले; 26 मिनिटे यंत्रानेच तिचे हृदय आणि फुफ्फुस सांभाळले. त्यानंतरचे रुग्ण मात्र वाचले नाहीत आणि गिबन यांनी हा नाद सोडला.

शरीर थंड करून मिळणारी थोडी मिनिटे व्हीएसडीला पुरत नव्हती. मिनेसोटातच वॉल्टन लिलेहाय यांनी वेगळी वाट काढली: यंत्राऐवजी माणूस. 26 मार्च 1954 रोजी एका टेबलावर तान्हे मूल, शेजारच्या टेबलावर त्याचे वडील. मुलाचे अशुद्ध रक्त नळीने वडिलांच्या शिरेत जाई, त्यांच्या फुफ्फुसात शुद्ध होई आणि पंपामार्फत मुलाच्या धमनीत परत येई. छिद्र शिवले गेले. मूल अकरा दिवसांनी न्यूमोनियाने गेले. तरी पुढे या पद्धतीने एकूण 45 रुग्णांवर शस्त्रक्रिया झाल्या आणि 28 जण वाचले. एकही दाता मरण पावला नाही, पण निरोगी माणसाचा जीव टांगणीला लावण्याचा प्रश्न उरलाच. 1955 मध्ये मेयो क्लिनिकमध्ये जॉन कर्कलिन यांनी सुधारलेल्या यंत्रावर यश मिळवले आणि दात्याची गरज संपत गेली.

या शस्त्रक्रियांचे एक अनपेक्षित फळ म्हणजे अंगावर बाळगता येणारा पेसमेकर. हृदयाचे विद्युत संदेश वाहणारा तंतूंचा जुडगा नेमका व्हीएसडीच्या काठाने जातो. टाका तिथे पडला की ठोके मंदावतात. भिंतीतल्या विजेवर चालणारे पेसमेकर होते, पण ऑक्टोबर 1957 मध्ये लिलेहाय यांच्या शहराची वीज गेली आणि त्यांचा धोका उघड झाला. त्यांच्या सांगण्यावरून अभियंता अर्ल बॅकन यांनी बॅटरीवरचा छोटा पेसमेकर बनवला.

‘केव्हा’ याचे उत्तर दीर्घकाळच्या पाठपुराव्यातूनच मिळणार होते. 1956 ते 1960 दरम्यान एएसडी शिवलेल्या 123 रुग्णांचा मेयोतील अभ्यास 1990 मध्ये आला. पंचविशीच्या आत शस्त्रक्रिया झालेल्यांचे आयुष्य इतरांइतकेच निघाले. उशीर झालेल्यांचे कमी. व्हीएसडीत उलट धडा मिळाला: स्नायूतील बारीक छिद्रे पुष्कळदा पहिल्या एक-दोन वर्षांत आपोआप बुजतात, तेव्हा थांबणे हाच उपचार.

जनुकांचा शोध 1990 च्या दशकात सुरू झाला. टीबीएक्स5 (1997), एनकेएक्स2-5 (1998) आणि गाटा4 (2003) यांतील बदल काही घराण्यांत पटलदोषाला कारणीभूत ठरतात. बहुसंख्य रुग्णांत मात्र असे एकच कारण सापडत नाही.

छाती न उघडता एएसडी बंद करण्याचा पहिला प्रयत्न टेरी किंग आणि नोएल मिल्स यांनी 1975 मध्ये केला: मांडीतील शिरेतून नेलेली दुहेरी छत्री. पद्धत रुळली ती कुर्ट अॅम्प्लाट्झ यांच्या निटिनॉल तारेच्या जाळीदार चकतीमुळे. ही तार नळीत सरळ होते आणि बाहेर पडताच मूळ आकार घेते. अमेरिकेत तिला 2001 मध्ये मान्यता मिळाली. छिद्राभोवती चकतीला धरायला पुरेसा काठ नसेल, तर आजही शस्त्रक्रियाच करावी लागते. क्वचित चकती आसपासची भिंत कुरतडते, म्हणून पाठपुरावा सोडता येत नाही.

हेच तंत्र पुढे पीएफओकडे, म्हणजे दोन अलिंदांमधील जन्मानंतर मिटायच्या दाराकडे, वळले. गर्भात उघडे असलेले हे दार सुमारे चौथ्या हिश्श्याच्या प्रौढांत पुरते चिकटत नाही. अज्ञात कारणाने पक्षाघात झालेल्यांत, रक्ताची गुठळी या दारातून मेंदूकडे जाऊ नये म्हणून, ते बंद करावे का? 2012-13 च्या तीन चाचण्यांत मुख्य निकषावर फायदा सिद्ध झाला नाही. रुग्ण अधिक काटेकोरपणे निवडल्यावर आणि अधिक काळ पाहिल्यावर, 2017 मध्ये एकदम तीन चाचण्यांनी तो दाखवला. साठी ओलांडलेल्यांना मात्र या तीन चाचण्यांत घेतलेच नव्हते, त्यामुळे त्यांना हे निष्कर्ष जसेच्या तसे लावता येत नाहीत.